विषाणूचं विरजण



करोनाच्या दोन-तीन वर्षांत विषाणूबद्दल इतकं कानावर पडलं की आता नुसता शब्द निघाला तरी लोक विषय बदलतात. म्हणून आधीच सांगते, आज मी रोगाबद्दल फारसं बोलणार नाही. माणसाच्या घशातून किंवा गाईच्या अंगावरच्या गाठीतून घेतलेला नमुना प्रयोगशाळेत पोचल्यावर पुढे काय होतं, तिथे विषाणू वाढवतात कसा, त्याच्याभोवतीची घाण काढून तो शुद्ध कसा करतात, आणि मग वर्षानुवर्षं ठेवतात कुठे, एवढंच सांगणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना, असं मला इथे कळलं, 'कशावरून?' विचारणारा मुलगा फार आवडायचा. लस आली, चाचणी आली, हे आपण ऐकतो. ती कशावरून आली, हे सहसा कोणी सांगत नाही.

जिवाणू वाढवणं त्या मानाने सोपं असतं. मांसाचा अर्क, थोडं मीठ, थोडी ऊब दिली की रात्रीत काचेची बशी भरते. विषाणूला हे चालत नाही. त्याच्याजवळ स्वतःचा संसारच नाही. एका आवरणात गुंडाळलेली थोडी जनुकीय सामग्री, एवढीच त्याची मालमत्ता. खाणं, पचवणं, वाढणं यांतलं काही त्याला येत नाही. जिवंत पेशीत शिरायचं, तिच्याकडून आपल्या प्रती काढून घ्यायच्या आणि बाहेर पडायचं, इतकंच येतं. त्यामुळे विषाणू वाढवणारा माणूस खरं पाहता विषाणू वाढवतच नाही. तो पेशी पाळतो. माझी सगळी नोकरी त्या पेशींची उठबस करण्यात गेली. विषाणूने आपलं काम आपणच केलं.

पेशी बाटलीत पाळायची विद्या हाती येण्याआधी लोक काय करत होते? ते सरळ जिवंत शरीर वापरत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वी झालेली ती पहिली लस. ती लस व्हिएन्नाहून बगदादला, तिथून बसऱ्याला आणि बसऱ्याहून मुंबईला आली होती. बर्फ नाही, फ्रीज नाही. वाटेत ती कशी टिकली? बऱ्याचशा वाटेत एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, आठवड्याने त्याच्या दंडावरून तिसऱ्याच्या, अशी ती दंडादंडावरून आली. म्हणजे विषाणू वाढवण्याची जागा आणि साठवण्याची जागा एकच होती, आणि ती जागा होती माणसाचं मूल. साखळी एका ठिकाणी तुटली की लस संपली. शिवाय एका मुलाच्या रक्तातला दुसरा रोगही त्याच वाटेने पुढे जाई, ते वेगळंच.

पुढे माणसाच्या जागी वासरं आणि रेडकं आली. बेळगावात टिळकवाडीला 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतात ते मोठं आवार आजही आहे. तिथे जनावरांच्या कातडीवर देवीच्या लशीचा विषाणू वाढवत. कातडी भादरायची, ओरखडे काढायचे, लस चोळायची आणि काही दिवसांनी आलेले फोड खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायचे. ग्लिसरीनमुळे सोबतचे जिवाणू मरत आणि लशीचा विषाणू काही काळ तग धरत असे. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर ज्या 'देव्या काढल्या' त्यांतल्या बऱ्याच अशाच एखाद्या रेडकाच्या पाठीवरून आल्या.

जनावरांच्या रोगांचा अभ्यासही तेव्हाच सुरू झाला, आणि त्याचं पहिलं सरकारी घर पुण्यात होतं हे पुणेकरांनाही फारसं ठाऊक नसतं. इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी डिसेंबर १८८९ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. बुळकांडीसारख्या रोगाचं काम भरवस्तीत करणं धोक्याचं होतं. बुळकांडी म्हणजे गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग. इथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हे नाव माहीत असेल, तरुणांना नसेल. ते का नसेल याकडे मी नंतर येते.

मुक्तेश्वरला १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळीत वाढवायला घेतला. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असा शेकडो वेळा. या पुढे नेण्याला आमच्या भाषेत पॅसेज म्हणतात. घरी आपण कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतो, आजच्या दह्याचं उद्याच्या, तसंच हे. आणि ज्या बाईने वर्षभर एकच विरजण चालवलंय तिला माहीत असतं की दही तेच राहत नाही. हवेप्रमाणे, दुधाप्रमाणे चव सरकत जाते. एडवर्ड्सचा विषाणू असाच सरकला. शेळीत तो इतका रुळला की गाईला मारायचं विसरत गेला, पण गाईच्या शरीराला ओळख मात्र पटवून देत राहिला. त्यातूनच बुळकांडीची लस निघाली.

आज मला जे सांगायचंय ते खरं म्हणजे एवढंच आहे. विषाणू वाढवायचा तर तो बदलणार. ज्या पेशीत आपण त्याला ठेवू, तिच्या सोयीचा तो होत जाणार. या बदलाचा उपयोग करून लशी निघाल्या, आणि हाच बदल लक्षात न घेतल्याने लोक फसलेही. शुद्धीकरण काय, साठवण काय, त्या फसगतीवरचेच उपाय आहेत.

कोंबडीचं अंडं ही या वाटेवरची पुढची पायरी. १९३१ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट गुडपाश्चर आणि ॲलिस वुडरफ यांनी कोंबड्यांच्या देवीचा विषाणू उबवणीच्या अंड्यात वाढवून दाखवला. कवच म्हणजे आयती बंद बाटली, आत जिवंत पेशी, आणि बाजारात स्वस्त. अंधारात दिव्यासमोर धरून पिल्लू जिवंत आहे ना ते पाहायचं, कवचाला बारीक भोक पाडायचं, सुईने विषाणू सोडायचा, मेणाने भोक बुजवायचं. इथे पोल्ट्रीवाले बसलेले असतील. तुम्ही पाण्यातून किंवा डोळ्यात थेंब टाकून जी लासोटा देता, ती राणीखेत रोगाची लस अशाच अंड्यांत वाढलेली असते. लासोटा हे न्यू जर्सीतल्या एका कोंबडीपालकाचं आडनाव. त्याच्या कोंबड्यांत हा विषाणू आधीच सौम्य सापडला, तिथे बदलाचं काम निसर्गाने करून ठेवलं होतं. उलट मुक्तेश्वरची राणीखेत लस मुद्दाम अंड्याअंड्यांतून नेऊन सौम्य केलेली. ती लासोटापेक्षा कडक असते, म्हणून लहान पिल्लांना देत नाहीत.

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. १९७८ पासून त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू संस्था, आपण बोलताना एनआयव्ही म्हणतो ती. सुरुवातीला तिथली बाटली म्हणजे उंदराचं दोन-तीन दिवसांचं पिल्लू. डास, गोचीड, रुग्णाचं रक्त, जे येईल ते वाटून त्या पिल्लांच्या मेंदूत टोचायचं आणि रोज सकाळी पेट्या बघायच्या. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली, तेव्हा त्यांच्या शरीरातला नवा विषाणू पुण्याच्या या संस्थेने असाच पकडला. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, आपल्याकडे 'माकडताप'. तो २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गच्या काजूबागांतही आहे. या विषाणूने त्याच्यावर काम करणाऱ्यांनाही सोडलं नाही. प्रयोगशाळेतले अनेक कर्मचारी त्या काळात तापाने आजारी पडले. हवा गाळणारी सुरक्षा कपाटं तेव्हा आजच्यासारखी नव्हती. आज आपण ज्यांना बायोसेफ्टीचे नियम म्हणतो त्यांच्यामागे असे आजारी पडलेले लोक आहेत.

आता पेशींकडे येते. १९४९ मध्ये जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू मज्जासंस्थेच्या पेशींखेरीज दुसऱ्या पेशींतही बाटलीत वाढतो हे दाखवलं. तोवर पोलिओ म्हणजे माकडाचा मेंदू किंवा मज्जारज्जू, असंच समीकरण होतं. १९५४ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मग पोलिओच्या लशीसाठी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी हव्या झाल्या आणि ती माकडं मोठ्या संख्येने गेली आपल्याच देशातून. भारतातली लाल तोंडाची माकडं पेट्यांत भरून अमेरिकेला रवाना होत. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात बंद केली. त्या माकडांच्या पेशींतून लशीत एक पाहुणाही शिरला होता, एसव्ही-४० नावाचा माकडाचा विषाणू. तो १९६० मध्ये उघडकीला आला. ताज्या शरीरातून पेशी घ्यायच्या म्हणजे त्या शरीरात जे काही राहतं ते सगळं घ्यायचं, हा धडा तिथे मिळाला.

म्हणून मग ज्ञात कुळाच्या, न संपणाऱ्या पेशींचा शोध सुरू झाला. १९६२ मध्ये जपानमधल्या चिबा विद्यापीठात यासुमुरा आणि कावाकिता यांनी आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून पेशींचा एक वंश उभा केला. नाव व्हेरो. त्या एका माकडाच्या पेशी आज जगभर वाढताहेत.

त्या वाढवतात कशा ते सांगते, कारण टीव्हीवर निळे हातमोजे आणि धूर तेवढा दिसतो. एक चपटा पारदर्शक फ्लास्क. त्यात गुलाबी पाणी. त्या पाण्यात क्षार, साखर, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि गाईच्या गर्भाच्या रक्तातला सिरम असतो. गुलाबी रंग खाण्यासाठी नाही, खूण म्हणून: पेशींनी खाऊन पाणी आंबट केलं की ते पिवळं पडतं. ३७ अंशांचं कपाट, आत थोडा कार्बन डायऑक्साइड. पेशी तळाला चिकटतात, पसरतात, आणि तीन-चार दिवसांत तळ भरून एकसंध थर होतो. मग ट्रिप्सिन नावाचं पाचक विकर घालून त्यांना सोडवायचं, पातळ करायचं आणि तीन-चार नव्या फ्लास्कांत वाटायचं. दिवाळी असो, गणपती असो, त्यांची वाटणी चुकत नाही. पिवळ्या पाण्यात ठेवल्या तर सोमवारी हाती काही उरत नाही.

थर तयार झाला की रुग्णाचा नमुना गाळून त्यावर तासभर ठेवायचा, मग ताजं पाणी घालायचं. शेजारी एक फ्लास्क नमुना न घातलेला, कायम. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय काहीच बोलायचं नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पेशी गोल होऊन सुटायला लागल्या, थरात खिडक्या पडल्या, की आम्ही खूश. पेशी मेल्याचा एवढा आनंद दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत नसेल. काहीच झालं नाही तरी लगेच 'नाही' म्हणायचं नसतं. तेच पाणी नव्या पेशींवर, पुन्हा नव्या पेशींवर, असं दोन-तीनदा न्यायचं, कारण काही विषाणूंना रुळायला वेळ लागतो. २०२० च्या मार्चमध्ये एनआयव्हीने करोनाचा विषाणू रुग्णांच्या घशातल्या नमुन्यांतून व्हेरो पेशींवर असाच वाढवला. त्याच संग्रहातला एक वाण भारत बायोटेककडे गेला आणि त्यापासून कोव्हॅक्सिन झाली: व्हेरो पेशींत वाढवलेला, मग रसायनाने निष्प्राण केलेला अख्खा विषाणू.

पण पुण्याची जी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती याहून जुनी आहे. व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग नावाचे शास्त्रज्ञ होते. डेंग्यू, चिकुनगुन्या हे डासांतले विषाणू. मग ते डासाच्याच पेशींत का वाढवू नयेत, असा त्यांचा विचार. डासाच्या पेशी बाटलीत टिकवणं तेव्हा फार थोड्यांना जमलं होतं. सिंग यांनी नुकत्याच अंड्यांतून निघालेल्या अळ्या घेतल्या, एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस या दोन डासांच्या, त्या बारीक केल्या आणि त्यांतून टिकाऊ पेशीवंश काढले. १९६७ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये ते प्रसिद्ध झाले. या पेशींना ३७ अंश नकोत, २८ पुरतात. पुढे १९७८ मध्ये जपानचे अकिरा इगाराशी यांनी अल्बोपिक्टसच्या पेशींतून एक शाखा वेगळी काढली, तिचं नाव सी-६/३६. जगात कुठेही डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या रक्तातून वाढवायचा असेल तर बहुतेक वेळा याच पेशी काढतात. पुण्यातल्या अळ्यांची ती संतती.

त्यांत विषाणू इतका छान का वाढतो, याचं उत्तर कितीतरी वर्षांनी मिळालं. डासाच्या पेशीत विषाणूची आरएनए कापून टाकणारी एक स्वतःची संरक्षणव्यवस्था असते. सी-६/३६ मध्ये ती निकामी झालेली आहे. म्हणजे पेशीही बाटलीत बदलते, नुसता विषाणूच नाही. आपण ज्याला सोय म्हणून वापरत होतो ती तिची खोट होती. सी-६/३६ मध्ये जे दिसलं ते खऱ्या डासात तसंच घडतं, असं मानून कोणी निष्कर्ष काढले असतील तर ते आता पुन्हा तपासायला हवेत.

विषाणू वाढला, पण किती? डोळ्यांना तर दिसत नाही. १९५२ मध्ये रेनाटो डल्बेको यांनी सुंदर युक्ती काढली. विषाणूचं पाणी दहापट, शंभरपट असं पातळ करत जायचं, पेशींच्या थरावर घालायचं आणि वरून घट्ट जेलीचा थर द्यायचा. जेलीमुळे विषाणू दूर पोहत जात नाही, आजूबाजूच्याच पेशी मारतो. काही दिवसांनी जांभळा रंग टाकला की जिवंत पेशी रंगतात आणि एकेका विषाणूने केलेलं भोक पांढरं राहतं. दहा लाख पट पातळ केलेल्या पाण्याचा ०.२ मिलिलिटर घातला आणि तीस भोकं मोजली, तर मूळ पाण्यात मिलिलिटरला पंधरा कोटी विषाणू. हे फक्त संसर्ग करू शकणारे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सगळे कण मोजले तर आकडा कितीतरी मोठा निघतो, कारण बरेच कण अर्धवट बांधलेले, निकामी असतात.

आता शुद्धीकरण. ते का करायचं, हे सांगायला श्वानदंशाची जुनी लस पुरेशी आहे. इथल्या साठीच्या पुढच्या लोकांना 'पोटात चौदा इंजेक्शनं' आठवत असतील. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास ती लस काढली आणि मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेसह देशभर ती बनत होती. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू घोटायचा, फिनॉलने विषाणू मारायचा आणि ते द्रावण टोचायचं. म्हणजे विषाणूबरोबर मेंढीचा मेंदूही माणसाच्या शरीरात जाई. क्वचित एखाद्याचं शरीर त्या मेंदूविरुद्ध उठे आणि त्या भरात स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करी. लशीने माणूस लुळा पडायचा, कधी दगावायचा. या लशीने असंख्य जीव वाचवले, हेही तितकंच खरं. भारतात ती २००५ च्या सुरुवातीपर्यंत पूर्ण बंद झाली. आता पेशींवर वाढवलेली, शुद्ध केलेली लस दंडात घेतात.

प्रयोगशाळेतलं शुद्धीकरण असं चालतं. आधी पेशींचे तुकडे हळू फिरवून तळाला बसवायचे. मग वरचं पाणी जोरात फिरवायचं. बोईसरच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्यांना सेंट्रिफ्यूज नवा नाही. इथला फरक वेगाचा: मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या ठिकाणी तीस-चाळीस हजार, आणि हवेच्या घर्षणाने तापू नये म्हणून निर्वात पोकळीत. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तंतोतंत सारखं हवं. नसेल तर नळ्या धरणाऱ्या रोटरचे तुकडे पोलादी भांड्याला भोकं पाडतात. नळीत साखरेचं पाणी भरलेलं असतं, तळाशी दाट आणि वर येता येता पातळ. विषाणू आपल्या वजनाप्रमाणे आणि आकाराप्रमाणे त्यात एका पातळीवर जमतो. खोलीत अंधार करून नळीवर उजेड टाकला की ती निळसर पांढरी पट्टी दिसते. सुईने तेवढीच पट्टी ओढून घ्यायची. उंदराच्या मेंदूतून विषाणू काढायचा तर आधी साखरेच्या पाण्यात घोटून ॲसिटोनने चरबी काढत. क्लार्क आणि कॅझल्स यांची ही १९५८ ची पद्धत पुण्यातही रोजच्या वापरातली होती. लशीच्या कारखान्यात आता नळ्यांऐवजी मोठाले स्तंभ आणि गाळण्या वापरतात. त्याच्या तपशिलात शिरत नाही.

पट्टी एकच दिसली म्हणजे विषाणू एकच आहे असं नाही. त्यासाठी परत डल्बेकोंच्या भोकांकडे जायचं. एका भोकातला विषाणू एकाच पूर्वजाचा, म्हणून तो उचलून वाढवायचा, पुन्हा भोक, पुन्हा उचल, असं तीनदा. आणि तरीही तो पुढे वाढवताना बदलेलच. करोनाच्या विषाणूत हे जगभर दिसलं. व्हेरोसारख्या पेशींत काही पॅसेज झाले की त्याच्या काट्यावरची एक कापण्याची जागा गळून पडू लागते. माणसाच्या फुप्फुसात ती जागा त्याला हवी असते. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशीत ती अडचण ठरते. असा बाटलीत रुळलेला विषाणू घेऊन कोणी औषध तपासलं तर तो करोना तपासत नाही, फ्लास्कमधला एक रहिवासी तपासतो.

म्हणून आमच्याकडे नोंदवही हा विषाणूइतकाच महत्त्वाचा ऐवज. नमुना कुणाकडून, कुठे, कधी. कुठल्या पेशीत वाढवला, त्या पेशींचा पॅसेज किती, विषाणूचा पॅसेज किती. मायकोप्लाझ्मा नावाच्या, पाणी गढूळही न करणाऱ्या चोरट्या जिवाणूसाठी पेशी कधी तपासल्या. एखाद्या व्हायलवर, म्हणजे कुपीवर, नुसतं 'डेंग्यू' लिहिलेलं असेल तर माझ्या लेखी ती रिकामी. पेशींचं असं अधिकृत भांडार पुण्यातच आहे, गणेशखिंडीत, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात. ते देशभरच्या प्रयोगशाळांना तपासलेले पेशीवंश देतं. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या पेशींच्या नावावर विश्वास ठेवू नये, हा सल्ला मी प्रत्येक विद्यार्थ्याला देत आले.

बदल थांबवायचा एकच उपाय म्हणजे वाढच थांबवायची, म्हणजे गोठवायचं. कमी पॅसेजचा विषाणू शंभर-दोनशे छोट्या व्हायलींत भरून ठेवायचा, ही मूळ ठेव. तिच्यातून एक काढून कामाचा साठा करायचा, तो संपला की पुन्हा मूळ ठेवीतून एक. वापरलेली पुन्हा गोठवायची नाही; प्रत्येक वितळण्यात बरेच विषाणू मरतात. घरच्या फ्रीजरचे उणे २० अंश बहुतेक विषाणूंना वाईट. बर्फाचे स्फटिक होतात, क्षार एका जागी साचतात, आवरण फाटतं. उणे ८० चालतं. सगळ्यात भरवशाचा द्रव नायट्रोजन, उणे १९६. तो तुम्ही पाहिलेला आहे: गाईला कृत्रिम रेतन करायला येणारे पशुवैद्यक मोटारसायकलवर जी गुबगुबीत टाकी आणतात, तिच्यात तोच असतो. त्याला वीज लागत नाही, पण तो उडत असतो. वेळेवर भरला नाही तर सगळं जातं.

आणि तिसरी रीत म्हणजे गोठलेल्या अवस्थेतच पाणी काढून टाकून भुकटी करणं. देवीच्या लशीची अशी भुकटी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लेस्ली कॉलियर यांनी १९५० च्या दशकात टिकाऊ केली. त्यासाठी पेप्टोन मिसळलं. ती उन्हाळ्यातही टिकली, म्हणून आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत लस पोचली. देवीच्या निर्मूलनाची चर्चा होते तेव्हा या भुकटीचं नाव क्वचितच निघतं, हा मला अन्याय वाटतो.

साठवणीचं मोल काय असतं? १९६५ मध्ये नागपुरात तापाची साथ आली. डेंग्यू-चिकुनगुन्याच्या शोधात घेतलेल्या नमुन्यांतून प्रवीण भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना दोन रुग्णांत तिसराच विषाणू सापडला. नागपूरच्या एका भागावरून नाव ठेवलं चांदीपुरा. बंदुकीच्या गोळीसारखा आकार, जनावरांच्या तोंडाला फोड आणणाऱ्या विषाणूचा भाऊबंद. सौम्य ताप, म्हणून कोणी फार लक्ष दिलं नाही. पुण्याने मात्र तो ठेवला. २००३ मध्ये आंध्रात आणि महाराष्ट्रात मुलं तापाने, झटक्यांनी एका-दोन दिवसांत दगावू लागली. रुग्णांतून विषाणू वाढला, तो चांदीपुरा निघाला, आणि अडतीस वर्षांपूर्वीच्या नागपूरच्या वाणाशी त्याची अक्षरन् अक्षर तुलना करता आली. फरक थोडाच होता. तो जुना वाण नसता तर हा नवा विषाणू की जुनाच, यावर नुसता वाद घालत बसलो असतो. २०२४ मध्ये शेजारच्या गुजरातेत तो पुन्हा आला तेव्हाही तपासणीचे नमुने पुण्यालाच आले.

पण ठेवणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. १९७८ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला जेनेट पार्कर या छायाचित्रकार बाई देवीने गेल्या. जगातून देवी गेल्यानंतर, त्याच इमारतीतल्या प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूने. त्यानंतर देवीचे साठे जगात दोनच ठिकाणी ठेवायचे ठरलं. आज ते अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला आहेत. तरी २०१४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डाला एका शीतखोलीत जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात देवीच्या सहा कुप्या निघाल्याच, १९५० च्या दशकातल्या, कुणाच्याही यादीत नसलेल्या. आणि बुळकांडी? वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात तिचा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत पॅसेज करून उत्तम लस केली, आपल्याकडची शेवटची साथ १९९५ ची, आणि २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. म्हणून इथल्या तरुणांना ते नाव माहीत नाही. ब्रिटनच्या पिरब्राइट संस्थेने २०१९ मध्ये आपला साठा, प्रत्येक वाणाचा जनुकीय आराखडा नोंदवून, जाळून टाकला. मला ते पटतं. काही सहकाऱ्यांना पटत नाही. आराखड्यावरून विषाणू पुन्हा बनवता येतो, मग जाळून काय मिळवलं, असं ते विचारतात. मी म्हणते, अपघात व्हायची एक जागा कमी केली.

आपल्या पालघर जिल्ह्याला हे सगळं दूरचं नाही. २०११ मध्ये शेजारच्या गुजरातेत साणंदजवळ क्रिमियन-काँगो ताप निघाला आणि पुण्याने तो ओळखला. सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा पुण्यात २०१२ मध्ये उभी राहिली ती अशाच विषाणूंसाठी. फेब्रुवारी २०२२ मध्ये वसई-विरारला बर्ड फ्लू निघाला, नमुने भोपाळला गेले. गाईच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पीची देशी लस ही २०१९ मध्ये रांचीला सापडलेल्या विषाणूचे पेशींतून पन्नासेक पॅसेज करून हिस्सार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी बनवली, आणि २०२२ च्या अखेरीस तिचं तंत्र पुण्याच्या औंधमधल्या सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ संस्थेला दिलं. एडवर्ड्सच्या शेळीपासून त्या फ्लास्कपर्यंत युक्ती तीच.

एक विषाणू मात्र अजून या सगळ्या विद्येला दाद देत नाही, आणि तो इथल्याच खाड्यांलगतच्या तळ्यांत आहे. कोळंबीवर पांढरे ठिपके आणणारा. भारतात तो १९९४ पासून आहे. तळ्यात शिरला की काही दिवसांत सगळं पीक मरतं, हे इथल्या कोळंबीवाल्यांना मी सांगायला नको. माणूस, माकड, गाय, डास, माशी, मासे, सगळ्यांच्या न संपणाऱ्या पेशी निघाल्या. कोळंबीच्या पेशी तीस-पस्तीस वर्षं प्रयत्न करूनही बाटलीत नीट टिकत नाहीत. लावल्या तर थोडे दिवस जगतात, विभागत नाहीत. म्हणून हा विषाणू वाढवायचा तर आजही जिवंत कोळंबीत किंवा खेकड्यातच टोचावा लागतो, आपण १८०२ मध्ये जिथे होतो तिथेच. सभागृहात जीवशास्त्र शिकणारी मुलं-मुली दिसताहेत. प्रश्नोत्तरांत कोणी विचारणारच आहे की या क्षेत्रात करायचं काय उरलंय, म्हणून उत्तर आधीच दिलं. कोळंबीच्या पेशी. पाणी खारं लागतं, सिरम बहुधा वेगळा लागेल, आणि ताजी कोळंबी मिळायला पुण्यापेक्षा तुमची खाडी जवळ आहे.